पांढरा दोरा

३ फेब्रुवारी
पहिला दिवस. चार वेळा मोजणी चुकले! मोटार भरायची म्हणजे जळलेली तार काढून नवी तांब्याची तार साच्यावर गुंडाळायची आणि वेढे मोजायचे. एक कमी नको, एक जास्त नको. एकेचाळीसवर आईचा फोन आला, मी 'हो' म्हटलं आणि आकडा गेला. मिस्त्रीकाका म्हणाले, "उलगड. पुन्हा एकपासून." दुकानाचा नियमच आहे – मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, आग लागली तरी.

दुसरा नियम – शिकाऊची एक जरी मोटार जळून परत आली, तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. आई तर गल्लीभर सांगत सुटली आहे, आमची लेक मोटारी भरते. आता माघारी फिरायला तोंड नाही.

११ फेब्रुवारी
तार बसवून झाली की वेढे दोऱ्यानं बांधतात. ज्याचा हात, त्याचा रंग. मोटार परत आलीच तर कुणाची ते कळावं. काकांचा पांढरा. तीस वर्षांत पांढरा दोरा दुकानात परत आलेला नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. माझ्यासाठी लाल रीळ आणलं. "लांबूनच दिसेल, कुणाची करामत ते." मी हसले.

२ मार्च
काकू आता काकांच्या डब्यात माझाही वाटा पाठवतात. आज स्वतः आल्या होत्या. "तू आल्यापासून हे घरी शिट्टी वाजवतात गं." उगाचच भरून आलं मला.

१९ मार्च
काका मोजत होते. एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न. मी दचकले. त्यांना पत्ताच नाही. बोलावं कसं? मोजणाऱ्याशी बोलायचं नाही ना! ते पाणी प्यायला उठले तेव्हा गुपचूप दोन वेढे घातले.

२६ मार्च
आज पुन्हा. पुन्हा दोन घातले.

२ एप्रिल
गिरणीवाला मोटार घेऊन आला. पार जळलेली. काका तार आणायला बाजारात गेले होते. मी झाकण उघडलं, तर काजळीखाली पांढरा दोरा. एक गुंडाळी कापून टोकं मोजली. साठ हवीत, अठ्ठावन्न भरली.

"कुणी भरली होती ही?" गिरणीवाला ओरडला.

"मी," म्हणून बसले. तोवर दोरा कापून मुठीत घेतला होता.

काका आले. आधी मोटारीत बघितलं, मग माझ्याकडे. "तू भरलीस?"

"हो."

"नियम माहीत आहे ना?"

"हो."

घरी येऊन खूप रडले. आईला काय सांगू? हे काम मला फार आवडतं, ते सोडवत नाही. पण माझे जेमतेम दोन महिने, त्यांची तीस वर्षं. दोरा या वहीत ठेवला आहे.

३ एप्रिल
दुकानातलं माझं सामान आणायला गेले. वही सोबतच्या पिशवीत होती. गिरणीवाला बसला होता. काका त्याच्यासमोरच म्हणाले, "ती मोटार मी जानेवारीत भरली. ही पोरगी आली फेब्रुवारीत."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यांनी हात पुढे केला. "दोरा दे." वहीतून काढून दिला. त्यांनी तो खिशात घातला आणि साचा माझ्याकडे सरकवला.

मी मोजायला बसले. काका शेजारी बसून राहिले. साठ झाले तेव्हा मी लाल रिळाकडे हात नेला.

"पांढरं घे," म्हणाले. "मला आता मोजवत नाही."