उपाशीपोटी सॅम्पल

४ जानेवारी
माफ करावं. माफी कोणाची मागते आहे ते नक्की सांगता येणार नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही; पण ऑक्टोबरनंतर एक ओळ लिहिली नाही आणि चूक ती चूक. लिहिण्यासारखं विशेष काही घडलं नाही.

हे वाक्य पूर्ण खरं नाही. दिवाळीनंतर सुहास यशवंतपूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. त्याची फॅक्टरी तिकडेच, पीण्याला; आमचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसवनगुडीत. नवऱ्याला रोजचं जाणं-येणं झेपेना, इतकंच. (मेट्रो थेट जाते. पण दोन्ही टोकांना चालावं लागतं.) व्यवस्था तात्पुरती आहे.

संकल्प: रोज लिहिणे.

७ जानेवारी
काल-परवा लिहिलं नाही. पेपर तपासत होते. नाही, आडवी पडले होते.

कॉलेजात पहिल्या पीयूसीला (म्हणजे आपल्या अकरावीला) हॉर्मोन्सचा धडा सुरू केला. इतकी वर्षं शिकवते आहे, तरी दर जानेवारीत थक्क होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी. ती रक्तातून निरोप पाठवते, लांबची ग्रंथी तो ऐकते, आपलं हॉर्मोन सोडते, आणि ते पुरेसं झालं की पिट्यूटरी आपण होऊन गप्प बसते. कोणी कोणावर चिडत नाही. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मॅम, ग्रंथीने ऐकलंच नाही तर? मी म्हटलं, तर पिट्यूटरी आणखी जोरात सांगते. तरी ऐकलं नाही तर त्याहून जोरात. थायरॉइड थकला की त्याला जाणारा निरोप, टीएसएच, वाढतो, तो त्यामुळेच. ती म्हणाली, बिचारी. वर्ग हसला.

संध्याकाळी सुहासला चार मेसेज केले. उत्तर नाही. मीटिंग असावी.

९ जानेवारी
कळलं. बसमध्ये उभी असताना एकदम कळलं. सुहास अठ्ठेचाळीसचा आहे. चाळिशीनंतर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरतं. काहींचं जास्तच उतरतं. मग उत्साह जातो, झोप बिघडते, चिडचिड होते, माणसांत नकोसं वाटतं. जायच्या आधीचे त्याचे महिने आठवले. जेवताना बोलायचा नाही. टीव्हीसमोर बसायचा, पण टीव्ही लावायचा नाही. मी उगाच मनाला लावून घेत होते. दोष माणसाचा नाही, ग्रंथीचा आहे, आणि ग्रंथीवर उपचार असतो.

स्वतःला विचारलं: प्रतिमा, हे तुला सोयीचं आहे म्हणून तर पटत नाही ना? प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

ईराला सांगितलं. लेकीची दुसऱ्या पीयूसीची परीक्षा जवळ आली आहे. पुस्तकातून डोळे न काढता म्हणाली, आई, बाबा कंटाळलाय. मी म्हटलं, कंटाळा हेही लक्षणच. ती म्हणाली, मग माझंही टेस्टोस्टेरॉन तपास. तिच्या वयात हॉर्मोन्सचे चढउतार असतातच. वाद वाढवला नाही.

१५ जानेवारी
काल संक्रांत. शेजारच्या वादिराजांच्या घरच्या अक्का एळ्ळु-बेल्ला घेऊन आल्या. इथे आपल्या तिळगुळाच्या जागी ते असतं, तीळ-गूळ-खोबरं सगळं सुटं. अक्कांचं मराठी धारवाडचं. अण्णा कुठं दिसेनात, म्हणाल्या. (अण्णा म्हणजे सुहास.) मी म्हटलं, ट्रेनिंगला गेलेत. त्या म्हणाल्या, दिवाळीपासून? रॉकेट चालवायला शिकवायलेत का अण्णांना?

मी खोटं बोलायला नको होतं. 'उपचार सुरू व्हायचे आहेत' असं म्हणता आलं असतं.

सुहासने 'तिळगूळ घ्या, गोड बोला' पाठवलं. फॅमिली ग्रुपवर पाठवलं, पण ग्रुपमध्ये मी आहेच.

२३ जानेवारी
एका लॅबचं पॅकेज मिळालं. चाळिशीपुढच्या जोडप्यांसाठी, सगळी हॉर्मोन्स, माणूस घरी येऊन रक्त नेतो. सुहासला फोन केला. तो म्हणाला, मला काही झालेलं नाही गं. मी म्हटलं, हे ठरवायला रक्त आहे.  मग म्हणाला, तुझं समाधान होणार असेल तर देतो. पण तो माणूस माझ्या फ्लॅटवर नाही का येणार? मी सांगितलं, पॅकेज एका पत्त्याचं असतं. (हे खरं आहे. शोधताना मी तसंच निवडलं.)

टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, म्हणून सॅम्पल सकाळी द्यायचं, आणि उपाशीपोटी. म्हणजे सुहासला रविवारी सकाळी घरी यावं लागेल. आणि उपाशी आलेल्या माणसाला नाश्ता द्यावा लागेल. हे मी ठरवलेलं नाही, शरीरशास्त्राने ठरवलेलं आहे.

१ फेब्रुवारी
अवरेकाईचा, म्हणजे इथल्या पावट्याचा, सीझन संपत आला. मंडईत शेवटच्या शेंगा मिळाल्या. लग्नानंतर आम्ही इथे आलो, त्या पहिल्या जानेवारीत सुहासने ही भाजी खाल्ली आणि म्हणाला होता, आता बदली झाली तरी जायचं नाही. दाणे भिजवायचे आणि एकेक चिमटीत दाबून सालातून सोडवायचा. हळू काम आहे. ईरा येऊन शेजारी बसली. थोडे सोलून म्हणाली, एवढं कोण खाणार? मी म्हटलं, उप्पिटात घालायचे आहेत. नाश्ता झाला की बाबा पेपर वाचेल, मग दिवाणावर जरा पडेल, दुपारी तू त्याला फिजिक्सचे प्रश्न विचार.

ती म्हणाली, आई, तो रक्त द्यायला येतोय.

मग सगळे दाणे सोलून दिले.

२ फेब्रुवारी, रविवार
सुहास वेळेवर आला. किल्ली आहे त्याच्याकडे, पण बेल वाजवली. हातात काहीतरी असेल म्हणून मी पाहिलं. हात मोकळे होते.

रक्त दिलं. त्याने आधी, मग मी. उप्पिट त्याने दोनदा घेतलं. भूक उत्तम, अशी नोंद करते. झोपेबद्दल विचारलं; छान लागते, म्हणाला. चिडचिड? कोणावर करू, म्हणाला, आणि हसला. ईराही हसली. ते हसणं चांगलं होतं, तेवढ्यात विषय काढावा असं वाटलं.

पेपरच्या कडेला आकृती काढून त्याला समजावलं. इथे मेंदू, इथून निरोप, इथे ग्रंथी. तुझी काही चूक नाही, म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तो नेहमीच चांगला आहे.

मग म्हणाला, प्रतिमा, आई गेली त्या दिवशी मी मोरीत तोंडावर पाणी मारत होतो, आणि तू दारात उभी राहून मला दुःखात कॉर्टिसोल कसं वाढतं ते समजावत होतीस.

रागाने नाही म्हणाला. मी म्हटलं, तुला हलकं वाटावं म्हणून सांगत होते. तो म्हणाला, माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं बोललो नाही. तिकडे संध्याकाळी मी नुसता बसतो गं. वाईट वाटलं तर वाटतं. कोणी ते काय आहे ते सांगत नाही.

स्वतःची ताटली धुऊन रॅकवर ठेवली. फ्लॅटचं अकरा महिन्यांचं नवं अग्रीमेंट केलं, असं पाठमोरा असतानाच सांगितलं. ईराला जवळ घेतलं. मला म्हणाला, दाणे सोलायला फार वेळ गेला असेल. पेपर न वाचता गेला.

त्या दिवशी कॉर्टिसोलबद्दल काय सांगितलं होतं ते आठवून पाहिलं. माहिती बरोबर होती.

अग्रीमेंटचं फार मनावर घेत नाही. हॉर्मोन उतरलेलं असताना घेतलेला निर्णय आहे. रिपोर्ट आला की त्यालाही दिसेल. तोवर निष्कर्ष काढायचा नाही.

४ फेब्रुवारी
रिपोर्ट आले.

सुहासचा आधी उघडला. टेस्टोस्टेरॉन त्याच्या वयाच्या मानाने फारच चांगलं. थायरॉइड, कॉर्टिसोल, प्रोलॅक्टिन, सगळं मर्यादेत. या शहरात कोणाचं नसतं ते व्हिटॅमिन डीसुद्धा ठीक. मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे छापतात तो तारा कुठेही नाही. नाव-वय तपासलं, त्याचंच आहे. लॅबला फोन करून सॅम्पल बदललं असण्याची शक्यता विचारली. फोनवरची मुलगी म्हणाली, मॅडम, सर एकदम फिट आहेत, खूश व्हा ना.

माझ्यात दोन तारे आहेत. पिट्यूटरीचं एफएसएच चढलेलं, एस्ट्रोजेन उतरलेलं. पाळी थांबत येण्याचं वय; शेहेचाळिसाव्या वर्षी अपेक्षितच आहे. रात्री घामाने जाग येते, ती मी थंडी कमी झाली म्हणून समजत होते.

दुपारभर दुसरं कारण शोधलं. हॉर्मोन पुरेसं असलं तरी पेशी दाद देत नाहीत, असंही क्वचित होतं. दोन लेख उघडले. मग बंद केले.

सुहास आजारी नाही. झोप लागते, भूक लागते, हसू येतं. तो चांगल्या तब्येतीत, विचार करून गेला आहे.

हे लिहून परत वाचलं. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

ईरा क्लासहून आली. स्क्रीनवर काय आहे ते पाहिलं आणि बॅग न उतरवताच शेजारी बसली. मी रडत होते. रडताना शरीरात काय होतं ते मला पाठ आहे. मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, नको सांगूस, आई. नाही सांगितलं. दोघी बसून राहिलो.

उद्या: सुहासला त्याचा रिपोर्ट पाठवणे. सोबत काहीही न लिहिता.