कणगीमागचा काटा

आबा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी झाले, म्हणून हे धाडस करते. तात्यांना लिहिण्यात अर्थ नव्हता. तुमच्या या धाकट्या भावाला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं ते तुम्हाला. साळिंदराचा तो काटा धान्याच्या कणगीमागे मी ठेवला होता. नऊ वर्षांच्या तुमच्या लेकीनं.

बहात्तरच्या दुष्काळातलं आपलं घर आठवा. तुम्ही आणि आई सकाळीच पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचा. विहिरीच्या तळाला उरलेल्या पाण्यावर तात्यांनी रताळ्यांचा एक तुकडा जगवला होता, आणि साळिंदरं त्यावर टपलेली. आपला पांढरा बैल मेला, त्याला माळावर टाकला, तेव्हापासून मी नीट जेवत नव्हते. माझं मन रमावं म्हणून तात्या एकदा दिवेलागणीला मला साळिंदराच्या बिळाकडे घेऊन गेले. आम्ही दगडाआड बसलो. आधी कपारीतून नुसती करकर ऐकू आली. "हाडं कुरतडतंय," ते कानात म्हणाले. "आपल्या बैलाची?" मी विचारलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला. मग ते बाहेर आलं. आमचा वास लागला असावा, कारण त्यानं पाय आपटले, फुरफुरलं, आणि सगळे काटे उभारून असं खुळखुळलं, जशी तागाच्या वाळल्या शेंगांची अख्खी पेंढी कुणी हलवावी. मी तात्यांच्या कुशीत तोंड खुपसलं. "भिऊ नगं. त्येच आपल्याला भितंय, म्हनून येवढा आवाज," ते म्हणाले. साळिंदर गेल्यावर वाटेत वीतभर लांबीचा, काळा-पांढरा काटा सापडला. मी हटूनच बसले. "घे. पर घरात नेऊ नगं. काटा घरात आला का भांडनं लागत्यात म्हनत्यात. तुजी आई वरडंल."

इतकी देखणी वस्तू मी काय गोठ्यात ठेवणार होते?

अमावास्येला आई घर झाडत होती, तेव्हा तिला तो सापडला. कणगीचा तळ दिसायला लागला होता, आणि पीठ कोण किती घेतं यावरून आई आणि काकीची धुसफुस चालूच होती. तुम्ही अंगणात काटा हातात घेऊन उभे राहिलात. "ह्यो कुनी ठिवला?" आईनं काकीकडे बघितलं. काकी कडेवरच्या पोराला घट्ट धरून रडायला लागली, "लेकराची आन, जाऊबाई, म्या न्हाई ठिवला." तुम्ही तिच्याकडे रोखून बघत तात्यांना म्हणालात, "हिला आजच माहेरी धाड." आणि मी दाराआड मिठाची गुळणी धरून उभी. तात्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, आबा. असता तर बरं झालं असतं. "तिला बोलू नगं, दादा. काटा म्या आनलाय," ते म्हणाले. म्हणजे ते खोटंसुद्धा पुरतं बोलले नाहीत. तुम्ही विचारलंत, "कशापायी?" त्यांनी मान खाली घातली. "उद्यापासून तुजी चूल येगळी," तुम्ही म्हणालात. आठ दिवसांत ते बायकापोरं घेऊन बेलापूरकडे साखर कारखान्यावर निघून गेले.

पुढे बरे दिवस आले. तुम्ही संध्याकाळी बांधावर बसायचात, मी शेजारी. अंधारातून खुळखुळ आली की तुम्ही कुणाला म्हणून नाही, पण म्हणायचात, "तात्या असता तर सांगितलं असतं, किती लांब हाय त्ये." दर वेळी माझ्या दातांपर्यंत शब्द यायचे. तुम्ही मला साळिंदर हाकलायला डबा वाजवायला सांगायचात, मी जिवाच्या आकांतानं डबा वाजवायची. मग एक दिवस तात्या गेल्याचा सांगावा आला. तुम्ही मिळेल त्या एसटीनं धावलात आणि दुसऱ्या दिवशी परत आलात. "तोंड बघाया मिळालं न्हाई," एवढंच म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून निजलात. तेव्हाही मी बोलले नाही. तुम्हाला सोसणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगू? त्या दिवशी काकीकडे बघितलंत, तसं माझ्याकडे बघाल याची भीती वाटली. एका काट्यानं भाऊ तुटत नाहीत, हे मला कळतं. माझ्या गप्प बसण्यानं तुटले.

परवा मी काकीकडे गेले होते, सांगायचंच असं ठरवून. एकादशी होती, तिनं रताळी उकडली होती. सोलता सोलता म्हणाली, "तुज्या चुलत्यानं जन्मात येवढी एकच वाईट गोष्ट केली बघ. का केली, त्ये मरंपातूर सांगितलं न्हाई. म्या लई भांडले त्येंच्यासंगं त्यापायी." मग थांबून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला काय ठावं हाय का गं?"

हे पत्र खरं तर तिचं आहे. तिचा पत्ता मला पाठ आहे, एसटीनं दोन तासांची वाट. तरी तुमच्या नावानं लिहिते, कारण तुम्ही आता मान वर करून बघणार नाही.

मी म्हणाले, "नाही गं काकी. शिळ्या कढीला ऊत कशाला?" रताळं फार गोड होतं, आबा. मी आणखी एक मागून घेतलं.