आमेननंतर ‘आणि हो’

प्रिय घुमे,

फोन सोडून आई पत्र का लिहितेय, म्हणून घाबरू नकोस. डॉक्टरांनी बोलायला बंदी घातलीये आणि तुझे बाबा डोळ्यांत तेल घालून पहारा देताहेत. स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात जिचा जन्म गेला, ती आता पाटीवर ‘चहा’ लिहून दाखवते. हसून घे.

न बोलता घर चालतं गं. प्रार्थना चालत नाही. माझी प्रार्थना तुला ठाऊकच आहे. शेजारणीशी दारात उभं राहून बोलावं तसं मी देवाला घरादाराचं सगळं सांगायचे, आमेन म्हणायचे, आणि लगेच, ‘आणि हो, प्रभू...’ ताटातलं निवून जायचं. बाबा डोळे न उघडता पुटपुटायचे, ‘आला ताजा कलम!’ त्यांची स्वतःची प्रार्थना म्हणजे घड्याळजीचंच काम. वेळ ठरलेली, शब्द ठरलेले. पाळकांनी एकदा त्यांना स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला सांगितलं, तर बिचाऱ्यांना दरदरून घाम फुटला.

आणि तू? खिडकीशी बसायचीस. पडदा हलायचा, उन्हाचा पट्टा तुझ्या पायांवरून सरकत भिंतीवर चढायचा, आणि तुझ्या तोंडून अक्षर नाही. मला वाटायचं, पोरगी पेंगतेय. एकदा विचारलं, काय मागितलंस एवढं? म्हणालीस, ‘काही नाही. नुसती त्याच्याजवळ बसले होते.’ मला ते काही केल्या कळलं नव्हतं.

हल्ली सकाळी मी खिडकीशी तुझ्या खुर्चीत बसते. खालच्या बाबांच्या दुकानातून घड्याळांची टिकटिक वर येते. डोळे मिटले की धुक्यातला फलाट दिसतो. गाडी आवाज न करता येते, दारं उघडतात, आणि कुणीच उतरत नाही. मी हाक मारायला तोंड उघडते, तोवर बाबा खोकतात.

आता खरं सांगते. घशातली गाठ वाईट निघाली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. स्वरयंत्रच काढणार आहेत, त्यानंतर आवाज नाही. मला फार भीती वाटतेय. तू धावत येशील, रडशील, पण ते मागाहून. आधी माझ्याशेजारी बस आणि मला शिकव. आपण काहीच बोललो नाही, तर तो आपल्याजवळ आहे हे तुला कळतं तरी कसं गं?

तुझीच,
आई