आदेशावरची तारीख

अणदूर,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. रुद्रम्माक्कांना,
शिवलीलाचे शरणार्थ.

नळदुर्गला लेकीकडं रमला असाल. जगदेवीच्या बाळाला दात आले का? इकडं सगळं ठीक. आपल्या डाळ मिलमध्ये नवी तूर यायला लागलीय. निवडणीच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तरी खिडकीजवळच्या तुमच्या जागेवर कुणी बसत नाही. मी सांगूनही.

ठीक लिहिलं खरं, पण ठीक नाही. मागच्या महिन्यात तुरीचा एक लॉट मला जरा दमट वाटला. बायकांना विचारलं, "घ्यायचा का?" माझं बोलणं पुरं व्हायच्या आत सगळ्यांचे हात वर. पुढं त्या डाळीला बुरशी आली, सगळा माल परत आला. तुम्ही असता तर एक दाणा दाताखाली धरून म्हणाला असता, "ओली हाय, न्या माघारी." आता मी काहीही विचारलं की नुसते हात वर होतात. चहाची वेळ बदलायची का? हात वर. मग राहू दे का? तरी हात वर.

हे डिसेंबरच्या बैठकीपासून सुरू झालं. निवडणीचं प्रमुखपद काढून तुम्हाला पॅकिंगला पाठवायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं, असं मी अजून सांगत फिरते. इतिवृत्तातही 'सर्वानुमते' लिहिलंय.

अक्का, पुण्याच्या प्रशिक्षणात सरांनी पुढाऱ्यांच्या तीन तऱ्हा सांगितल्या होत्या. हुकूम सोडणारा, विचारून चालणारा आणि सगळं दुसऱ्यांवर टाकून मोकळा होणारा. आपल्या संस्थेतली नावं लिहा म्हणाले. पहिल्या रकान्यात मी तुमचं नाव लिहिलं, दुसऱ्यात माझं. लिहिताना फार बरं वाटलं मला. लग्न होऊन आले तेव्हा सूप धरायला तुम्हीच शिकवलंत. व्यवस्थापक झाल्यावर मात्र मी काही सांगितलं की बायका आधी तुमच्याकडं बघायच्या, ते मला सलत होतं.

त्या बैठकीत मी मत विचारलं तेव्हा सगळ्या माना खाली घालून बसल्या. पहिला हात तुम्ही वर केलात. "पोरगी इचारायलीय न्हवं? हुकूम तर सोडंना. करा की हात वर." तुमचं बघून बाकीच्यांनी केले.

तुम्हाला पॅकिंगला पाठवायचा आदेश तेव्हा माझ्या पिशवीत होता. दोन दिवस आधीच टाइप करून, सही करून. संचालकांनी सांगितलं नव्हतं, मीच त्यांच्या मागं लागले होते. बैठक संपताच सगळ्यांसमोर तो तुमच्या हातात दिला. तुम्ही तारीख वाचलीत, कागदाची घडी घातलीत आणि "बरं" म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून आला नाहीत. मी विचारते म्हणजे आधीच ठरवलेलं असतं, हे तो तयार कागद बघून बायकांना तिथंच कळलं. मला लाज वाटते, अक्का.

सोमवारी अकरा वाजता शेडमध्ये बैठक ठेवलीय. ती तारीख मी मोठ्यानं वाचणार आहे आणि 'सर्वानुमते' खोडणार आहे. तुम्हाला परत घ्यायचं का, हे विचारणारी मी कोण? मला ठेवायचं का, एवढंच विचारणार आहे. पिशवी रिकामी असेल, हवं तर तपासा.

तुम्ही या. पण पोरगी विचारतेय म्हणून हात वर करू नका.

आधी सही करून मग विचारणारी,
शिवलीला