साहेबाच्या खुर्चीपुढची रांग

हिंगोली, १९३८. पौष व. ३
शाळा सुटल्यावर पुन्हा तेच मासिक. रशियन नाचणाऱ्यांची कंपनी. पॅरिस, लंडन, राजेराण्या उभं राहून टाळ्या वाजवतात. मालक परमुलखातच मेला. कंपनीचे तुकडे झाले, जो तो म्हणतो खरे आम्हीच. तरी केवढं नाव! आमच्या इथं लमाणांच्या तांड्यावरच्या बाया काय कमी नाचतात? काळं कुत्रं विचारत न्हाई.

माघ शु. २
तांड्याचा नाईक कसाबसा कबूल झाला. तहसीलदारसाहेबांपुढं नाच. सोबत मुंबईचा एक नाटकवाला येणार. पण बाया नाचतात गोलात, तोंडं आत, पाठी लोकांकडं. असं कोण बघंल? मासिकातल्या फोटोसारखी रांग लावली, तोंडं साहेबाच्या खुर्चीकडं. नाईकाची धाकटी सून लाली म्हणाली, "मास्तर, आमी बघणाऱ्यासाठी न्हाई नाचत." म्हटलं, या खेपेला नाचा.

माघ शु. ८
झाला नाच. लाली सगळ्यांत पुढं. साहेब खूष, नाटकवाला मान डोलवून राहिला. जन्मात पहिल्यांदा कुण्या साहेबानं माझा हात हातात घेतला.

माघ शु. ११
तांड्यावर पंचायत. नाईक म्हणे, "खुर्चीपुढं मिरवली ती आमची सून न्हाई." बाकीच्या बायांनी नाईकाचे पाय धरले, सुटल्या. लालीनं धरले न्हाईत. "मास्तरनं सांगितलं तसं केलं. बराबर नाचले." नवरा खाली मान घालून बसला, मुर्दाड. मलाही तांडा बंद. कौतुक करायला गेलो, त्याचं हे.

माघ व. १
नाटकवाल्याचा निरोप. सगळ्यांत पुढं नाचली ती बाई मुंबईला पाहिजे, मास्तरची गरज न्हाई. अरे लेका, रांग कुणी लावली?

माघ व. ३
लाली शाळेच्या ओट्यावर आली. मासिकातला फोटो मागितला. "ह्या बाया घरी परत आल्या का?"
खोटं बोलावं वाटलं. पण लेखात साफ लिहिलंय, दुनियाभर खेळ केले, स्वतःच्या देशात एकही न्हाई. तेच सांगितलं.
फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मीच पयली न्हाई."

माघ व. ५
टेसनावर गेलो. लाली गाठोडं घेऊन भुईवर बसलेली. नवराही आलेला, पण पार तिकडं लिंबाखाली. तिला बोलावत न्हाई, तिथून हलत बी न्हाई. दोघांच्या मधे मी कशाला तडमडू? गाडी यायची होती. मला शाळा उघडायची होती, निघालो.