साईनाथच्या जागी

कात्रज, पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शालू हिस बाबांचे अनेक आशीर्वाद. शेफालीला गोड पापा.

इकडे सगळं ठीक आहे. मागच्या दारातल्या तुझ्या कढीपत्त्याला नवी पालवी आली आहे. स्वयंपाक मीच करतो. माझ्या आमटीबद्दल साईनाथ काही बोलत नाही, म्हणजे एक तर ती जमायला लागली आहे किंवा त्याला चव कळेनाशी झाली आहे.

रविवारी तू शेफालीला घेऊन कायमची परत येतेस, असं तू कळवलंस त्या दिवशी मी तिची सायकल पुसली, चाकांत हवा भरली. मग नुसता त्या सायकलकडे बघत बसलो. आज शेवटी लिहायला घेतलं. फोनच केला असता, पण तिकडून तू 'बाबा' म्हणतेस आणि मला खरं बोलवत नाही. उद्या शेजारच्या जावेदचा टेम्पो भोरला निघतोय, त्याच्या हाती हे पाकीट देतो.

माहेरी जाताना तू एकच अट घातली होतीस. साईनाथ दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायला लागला की तू परत येणार. मी चौकशी केली. जवळपासही मीटिंग होती, पण तिथे त्याच्या कामावरचं, डेअरीतलं कुणी भेटलं तर? म्हणून पार कोथरूडची शोधली. एका शाळेच्या वर्गात, दर गुरुवारी संध्याकाळी. पहिल्या दिवशी साईनाथनेच मला स्कूटरवर नेलं. गेटपाशी म्हणाला, "बाबा, तुम्ही आत बसा, मी गाडी लावून आलोच."

तो अजून गाडी लावतोच आहे.

लहान मुलांच्या बाकावर गुडघे मोडून मी एकटाच बसलो. नावं सांगायची पाळी आली. "मी सोनबा," एवढं म्हणून अडखळलो, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारा लाजतोय. शालू, मी जन्मात दारूला शिवलेलो नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी गप्प राहिलो. पेशंट आला नाही तर डॉक्टर घरच्या माणसाजवळ औषध देतोच की. म्हटलं, आपण घ्यावं आणि घरी नेऊन त्याला द्यावं.

मग दर गुरुवारी बसने जात राहिलो. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं, हा त्यांचा नियम. मी मात्र डब्यात भरून आणल्यासारखं सगळं घरी आणायचो आणि साईनाथच्या उशाशी बसून सांगायचो. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मला वाटायचं, ऐकतोय. पुढे तिथे मीही बोलायला लागलो. शेफालीच्या वाढदिवसाला त्याने केक उधळला, तुझ्यावर हात उचलला, ते सगळं मी केलं म्हणून सांगितलं. सांगताना रडू आवरेना. एक गृहस्थ उठून माझ्या पाठीवर हात ठेवून गेले.

तू फोनवर विचारायचीस, "हे जातात ना?" मी म्हणायचो, "जातो. एक गुरुवार चुकवत नाही." तू बारीकसारीक विचारायचीस, मी बाकांपासून चहापर्यंत सगळं सांगायचो. तुझा विश्वास का बसू नये? सगळं खरंच होतं, फक्त माणूस दुसरा होता.

गेल्या गुरुवारी, तीन महिने दारू न प्यायलेल्यांना त्यांनी पितळी बिल्ला दिला. मलाही दिला. नको म्हणायला तोंड उघडलं आणि हात पुढे गेला. घरी येऊन तो साईनाथसमोर ठेवला. वाटलं, बघून तरी लाज वाटेल. त्याने उलटसुलट करून पाहिला, हसला आणि मोबाइलवर फोटो काढला. तोच फोटो तुला आला. त्यानंतर बिल्ला टेबलावर टाकून तो बाहेर गेला. कशा अवस्थेत परत आला, ते तुला सांगायला नको.

मीटिंग चालवणाऱ्या श्रीनिवासला काल फोन करून मी सगळं कबूल केलं. वाटलं, झाडेल चांगला. पण तो एवढंच म्हणाला,

"काका, तुमची मीटिंग वेगळी. घरच्यांची. आमच्याच शाळेत, शनिवारी."

"तिथे त्याला सुधारायचं कसं ते शिकवतात का?"

"नाही. त्याच्यापुढे आपलं काही चालत नाही, तिथून सुरुवात करतात."

म्हटलं, एवढ्यासाठी कोथरूडला कशाला यायचं, हे घरबसल्या दिसतंय. पण दिसत नव्हतं गं. आणखी थोडं धावलो तर पोरगं हाताशी लागेल, असंच वाटत होतं. बाप असून माझं काही चालत नाही, शालू. शनिवारी जाऊन बघतो. बिल्ला गुरुवारी परत करतो.

तुम्ही दोघी या घरात असाव्यात, याहून मला दुसरं काही नको आहे. घर खायला उठतं. तरी सांगतो, रविवारी येऊ नकोस. साईनाथ फोन करेल, गोड बोलेल. मला एकटेपणा सोसला नाही तर मीही करेन. मी 'ये' म्हणालो तरी ऐकू नकोस, हे पत्र काढून पुन्हा वाच.

पाकिटाबरोबर सायकलही पाठवतो आहे. शेफालीला तिथेच चालवू दे.

साईनाथचे, आणि तुझेही,
बाबा