एसीचं तोंड केशरबाईकडं

चि. निकितास, तुझ्या आजीचा, बायनाबाईचा आशीर्वाद. इकडं समद्यांची तब्येत बरी हाय, माझे गुडघे तेवढे वाजायलेत. तू तिकडं येळेवर जेवतीस असं धरून चालते. (अक्षराला हसू नको, दुसरीतून काढलेल्या बाईचं हाय.)

तू पुण्याहून धाडलेला एसी देवगाव फाट्यावरून टेम्पोत आला, नवरीपेक्षा जास्त जपून. तुझ्या बापानं, गोपाळनं, त्यो माझ्या खोलीत बसवला अन् बाहेरचा डबा बोळीत, शेजारच्या केशरबाईच्या ओट्यासमोर टांगला. मी डबक्यातल्या म्हशीवाणी निजले. सकाळी केशरबाई इचारती, "बायने, तुझ्या भिंतीला ताप आला का गं?" जाऊन बघते तर डबा भट्टीवाणी फुकायलाय अन् म्हातारी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेली. मला लाज वाटली (थोडी), म्हणून तिला आत निजायला आणलं. ते बघून समोरचा मुंजाजी बी उशी घेऊन हजर, झळ म्हणं त्याच्या दारात बी येती. मग काय, दार सारखं उघडं, एसी धापा टाकायलाय अन् बोळ आणखीन तापायलीय.

तवा कळलं, आपल्या खोलीतली गरमी मरत न्हाई, दुसऱ्याच्या दारात जाऊन बसती. वर विजेसाठी कुठंतरी कोळसा जाळायचाच. औंदा फाल्गुनातच ऊन पेटलं, गारपिटीनं ज्वारी लोळवली, अन् लोक म्हणायलेत जग बिघडलं. जग म्हणजे कोण गं? रिमोट तर माझ्याच उशाखाली होता.

आता खरी आफत ऐक. बोळीतल्या कडुलिंबाचा पाला डब्यात शिरायलाय, म्हणून गोपाळ येत्या शनिवारी झाडच तोडणार. साऱ्या बोळीला तेवढीच सावली. मी म्हणलं, "अरे, गारव्यापायी गारवाच तोडायलास का?" तर म्हणतो, "आई, पोरीनं पगारातून धाडलेली चीज हाय. खराब झाली तर तिला काय वाटंल?" म्हणजे कुऱ्हाड त्याची अन् नाव तुझं. तवा शनिवारच्या आत फोन करून त्याला झापून काढ. माझं ऐकत न्हाई. तू इंग्रजीत रागावतीस, त्याला भितो.

तुझी आजी

ता.क. एसी परत नेऊ नको. मी काय साध्वी न्हाई. भर दुपारी लावणारच, केशरबाईला संगं घेऊन.

आणखीन ता.क. झापू बी नको, उगं हट्टाला पेटंल. झाडाचं नावच काढू नको. गोडीनं एवढंच सांग, की मिस्तरी म्हणतो डबा गोपाळच्याच खिडकीसमोर बसवला तर लय टिकतो. मग झळ त्याला लागली, की शनिवारी त्यो कुऱ्हाड घेऊन झाडाकडं जातो का खाट घेऊन, बघू.